ऐन हंगामात तीन नंबरच्या खोलीत ढेकूण निघाले, आता काय करू?

सातखोल्या
शनिवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. मी आणि माझे यजमान मिळून पर्यटकांसाठी सात खोल्या चालवतो. जागा समुद्राकाठची, गर्दीची. हंगामात सकाळी अकराला एक पाहुणा खोली सोडतो आणि दुपारी एकला दुसरा त्याच पलंगावर बॅग टाकतो. मधल्या दोन तासांत झाडणं, पुसणं, चादरी बदलणं. स्वच्छतेच्या बाबतीत आजवर आमच्याकडे कुणी बोट दाखवलेलं नाही, म्हणूनच हे लिहिताना जीव कसानुसा होतोय.

गुरुवारी सकाळी तीन नंबरमधल्या बाई खाली आल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. बाही वर केली आणि हात पुढे धरला. मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठलेल्या, तीन-तीन, चार-चार एका रांगेत. त्यांच्या नवऱ्याच्या अंगावर मात्र एक ठिपका नाही, त्यामुळे मला आधी वाटलं, डास असतील किंवा काही अंगावर उठलं असेल. तरी वर जाऊन गादी उलटी केली. गादीच्या कडेला शिवलेला गोट असतो ना, तो दोन बोटांनी उलगडला. बॉलपेनचं टोक कापडावर टेकवून धरलं की शाई जशी फुटते, तसे काळे ठिपके ओळीनं. मध्येमध्ये फिकट, पोकळ कात. आणि कोपऱ्यात एक जिवंत, मसुराच्या दाण्याएवढा, चपटा, तपकिरी. उजेड पडताच तो शिवणीत शिरला.

मग जे सुचलं ते केलं. त्या दोघांना सामानासकट चार नंबरला हलवलं. गादी आम्ही दोघांनी उचलून व्हरांड्यातून, जिन्यावरून गच्चीवर नेली आणि दोन दिवस उन्हात टाकली. तीन नंबरमध्ये किडे मारायच्या फवाऱ्याचा अख्खा डबा रिकामा केला, खिडक्या-दारं लावून घेतली. आज दुपारी चार नंबरच्या पडद्याच्या दुमडीत एक सापडला. तिथंच जमिनीवर बसले.

फवारणीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, एकदा मारून देतो, संध्याकाळी खोली भाड्यानं द्या. नाहीतर दुसरा उपाय, खोलीत गोळ्या ठेवतो, रात्रभर दार बंद, सकाळी एकही उरणार नाही. दोन घरं सोडून ज्यांच्या खोल्या आहेत त्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तोंडातून शब्द काढू नकोस, आपल्या सगळ्यांचं नाव जाईल." त्या ज्या घाईनं बोलल्या त्यावरून मला कळलं की त्यांच्याकडेही आहेत. इथल्या सगळ्यांच्या चादरी एकाच लॉन्ड्रीत जातात.

सातही गाद्या फेकून द्यायच्या का? पुढच्या आठवड्याची नोंदणी पूर्ण भरली आहे, येणाऱ्यांना सांगायचं का? आणि तीन नंबर महिनाभर कुलूप लावून बंद ठेवली तर उपासमारीनं मरतील का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.


वडाचीसावली
रविवार, सकाळी ६:१५

बाई, एवढं घाबरू नका. आमच्या लहानपणी घरोघरी असायचे. पलंगाच्या फटींत रॉकेल सोडायचं, खाट उन्हात आपटायची, फटी बुजवायच्या. महिनाभर खोली बंद ठेवली की आपोआप जातात.


टॉर्चवाला
रविवार, सकाळी ८:४०

ताई, बाकी सगळं नंतर वाचा, आधी एवढं करा. त्या गोळ्यांवाल्याला आत्ता फोन करून नाही म्हणून सांगा. त्या बहुधा धान्याच्या साठ्यात घालतात त्याच गोळ्या असणार. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून, वायरच्या पाइपातून, एसीच्या भोकातून शेजारच्या खोलीत जातो. ढेकणांसाठी त्या वापरल्यामुळे झोपेत माणसं दगावली आहेत, लहान मुलं दगावली आहेत. राहत्या इमारतीत ती वस्तू येताच कामा नये.

वर रॉकेलचं लिहिणाऱ्या काकांचा हेतू चांगला आहे, पण गादी आणि विजेची बटणं असलेल्या बंद खोलीत रॉकेल म्हणजे आग. तेही नको.

आता माझं सांगतो. मी एकोणीस वर्षं किडनियंत्रणाचं काम केलं, त्यातलं निम्म्याहून जास्त पर्यटकांच्या गावांतल्या लॉजमध्ये. ढेकूण निघाले की मालक आधी दार लोटून घेतो आणि मग हळू आवाजात बोलायला लागतो. तुमच्यासारखंच प्रत्येकाला वाटतं, आपल्या स्वच्छतेला बट्टा लागला. ताई, ढेकणाला घाणीशी देणंघेणं नाही. त्याला झोपलेलं माणूस हवं. अंधारात तो आपल्या अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांचा माग काढत येतो, पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि परत फटीत. त्याला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. तुमच्या खोलीपर्यंत तो कुणाच्या तरी सामानातून आला. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन तऱ्हेचे कपडे ठेवून पाहिले होते. धुतलेल्यांपेक्षा वापरलेल्या कपड्यांच्या पिशवीवर ढेकूण दुप्पट प्रमाणात जमले. प्रवासी मळके कपडे बॅगेत कोंबतो, बॅग उघडीच पलंगापाशी ठेवतो, आणि ढेकूण पुढच्या मुक्कामाला निघतो. जिथं रोज माणूस बदलतं तिथं तो येणारच. २०२३ मध्ये पॅरिसमध्ये ढेकणांवरून केवढा गहजब झाला ते आठवत असेल. त्याच वर्षी फ्रान्सच्या आरोग्य सुरक्षा संस्थेनं सांगितलं होतं की २०१७ ते २०२२ या काळात तिथल्या सुमारे ११ टक्के घरांत ढेकूण होते. ती काय सगळी अस्वच्छ घरं होती?

त्या बाईंच्या हातावर गांधी आणि नवऱ्याच्या अंगावर काहीच नाही, यात नवल नाही. चावतात दोघांनाही, पण काहींच्या अंगावर उठतच नाही, काहींच्या अंगावर चार दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी उठतं. म्हणून चाव्यावरून तारीख आणि खोली ठरवता येत नाही. ठिपके, कात, अंडी किंवा जिवंत ढेकूण दिसला तरच खरं. तुम्ही गादी उलटी करून पाहिलीत हे फार योग्य केलंत. तुमच्या जागी कित्येकांनी मलम दिलं असतं.

पुढचं मात्र थोडं कडू लागेल. पाहुण्यांना सामानासकट चार नंबरला नेलं तिथं चूक झाली, आणि उघडी गादी व्हरांड्यातून नेली तीही. उन्हाचं म्हणाल तर वरचं कापड तापतं, गादीच्या पोटात तितकी उष्णता पोचत नाही, आणि ढेकूण तेवढ्यात सावलीच्या बाजूला सरकतो. डब्यातल्या फवाऱ्याचं मी माझाच अनुभव सांगतो. काम नवीन होतं तेव्हा एका लॉजमध्ये मी एक खोली अक्षरशः भिजवून काढली. आठ दिवसांनी भिंतीपलीकडच्या खोलीतून तक्रार. मालकाला म्हटलं, हे वेगळे असणार. पलंगाच्या उशाशी बटणांची पाटी होती. मेन बंद करून ती उघडली तर पाटीच्या मागे सहा ढेकूण दाटीवाटीनं बसलेले. वायरच्या पाइपानं मीच त्यांना पलीकडे पाठवलं होतं. ती पाटी हातात धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. त्या दिवसापासून मी पंपाच्या आधी टॉर्च काढतो.

फवाऱ्याला दाद न देण्याचं कारणही समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीनं अनेक देशांत ढेकूण जवळजवळ दिसेनासे झाले, पण हवाईमधल्या पर्ल हार्बरच्या बराकींत १९४७ मध्येच डीडीटीला न मरणारे ढेकूण आढळले होते. आज दुकानातल्या डब्यांत बहुतेक पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात, आणि जगभरच्या ढेकणांत त्यांनाही न जुमानणारे वाण पसरले आहेत. शिवाय औषध अंड्यांपर्यंत पोचत नाही. धुराचे बॉम्ब तर आणूच नका. तो धूर हवेत तरंगतो आणि ढेकूण असतो फटीत.

आता काम. तीन आणि चार या दोन्ही खोल्यांची नोंदणी आज थांबवा. दोन आणि पाचही तपासा, आणि तीन-चारच्या डोक्यावर किंवा पायाखाली खोली असेल तर तीही. एका खोलीला तासभर तरी लागतो, घाई केली तर परत करावं लागतं. चांगला टॉर्च, एक जुनं प्लास्टिकचं कार्ड, रुंद चिकटपट्टी आणि तोंड बांधता येईल अशा जाड पिशव्या जवळ ठेवा. एकानं टॉर्च तिरका धरायचा, दुसऱ्यानं कार्ड फटीतून सरकवत न्यायचं. आत असला तर बाहेर धावतो, त्याला चिकटपट्टीवर घ्यायचा. गादीचे चारही कोपरे, गोट, हँडल, खालच्या बाजूचा शिक्का. मग पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, फळ्यांच्या टोकाखालची जागा. आणि डोक्याकडची पाठफळी भिंतीवरून उतरवा. लॉजमध्ये सगळ्यांत जास्त तिथंच सापडतात, कारण ती कुणी कधी काढतच नाही. त्यानंतर बाजूचं टेबल, त्याचे खण उलटे करून, मग पडद्याची शिवण, भिंतीवरच्या चित्राची मागची बाजू, सैल झालेला रंगाचा पोपडा. पलंगापासून लांब जायची त्याला गरज नसते, म्हणून आधी पलंग आणि मग वर्तुळ वाढवत जा.

चादरी, अभ्रे, पडदे खोलीतच पिशवीत भरा, तोंड बांधा आणि मगच दाराबाहेर काढा. ६० अंशांच्या पाण्यात धुतले की अंड्यांसकट मरतात. ड्रायर असेल तर सगळ्यात वरच्या तापमानावर अर्धा तास. कापड मोकळं फिरलं पाहिजे, ठासून भरायचं नाही. उष्णता हेच आपलं खरं हत्यार आहे. ५० अंशांच्या वर ढेकूणही टिकत नाही आणि अंडंही. म्हणून गादीला आणि पलंगाच्या सांध्यांना वाफ. वाफेचं मशीन भाड्यानं मिळतं. तोंड रुंद घ्या, त्यावर कापड बांधा, नाहीतर वाफेच्या झोतानंच ढेकूण उडून दुसरीकडे पडतात. आणि अगदी सावकाश फिरवा. झोत पुढे गेल्यावर मागची जागा हाताला चटका देण्याइतकी गरम लागली पाहिजे. विजेच्या बटणांजवळ वाफ अजिबात न्यायची नाही.

गाद्या फेकू नका. त्या जिन्यावरून उतरवताना ढेकूण सांडतात, आणि कचऱ्यापाशी ठेवलेली चांगली दिसणारी गादी कुणीतरी घरी घेऊन जातं. वाफ देऊन झाली की पूर्ण बंद होणारं, चेनचं आवरण घाला आणि वर्षभर काढू नका. आत राहिला तर तिथंच उपाशी मरेल.

बंद कुलपाचं उत्तर त्यातच आलं. न खाता ढेकूण कित्येक महिने काढतो, थंड हवेत वर्षभरसुद्धा. महिनाभर कुलूप लावलंत तर तो भुकेनं भिंत ओलांडेल.

फवारणी लागेलच, पण परवानाधारक माणसाकडून, फटींपुरती, आणि दोनदा. अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून पहिल्या फेरीनंतर दहा ते चौदा दिवसांनी दुसरी फेरी हवीच. जो एका दिवसात संपवतो म्हणतो त्याला एवढंच विचारा, "अंड्यांचं काय करणार?" जो उत्तर देईल त्याला काम द्या.


सातखोल्या
रविवार, रात्री १०:२०

दादा, कसे आभार मानू. सकाळीच गोळ्यांना नाही म्हणून कळवलं. आम्हाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि पाच नंबरमध्ये सहा महिन्यांचं बाळ आहे. ते वाचल्यापासून माझं पोट ढवळतंय.

चार नंबरमधल्या दोघांना सगळं खरं सांगितलं. दोन दिवसांचे पैसे परत केले, त्यांचे कपडे गरम पाण्यात धुऊन, ड्रायर लावून बांधलेल्या पिशवीत दिले, बॅगा शिवणीशिवणीनं तपासल्या. बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं, नाहीतर मी घरी घेऊन गेले असते." मला वाटलं होतं त्या ओरडतील.

मग तुम्ही सांगितलंत तसं तीन नंबरला लागलो. टॉर्च मी धरला, कार्ड यजमानांनी. गादीत एकूण चार निघाले. मला वाटलं झालं. पाठफळीला चार स्क्रू होते, गंजलेले, ते काढायलाच वीस मिनिटं लागली. फळी भिंतीवरून सुटली आणि दोघंही गप्प झालो. भिंतीत बसवलेल्या लाकडी पट्टीच्या खाचेत खसखशीच्या दाण्याएवढी पांढुरकी अंडी चिकटलेली, मोजली तेवढी सदतीस. आजूबाजूला काळ्या ठिपक्यांचा थर आणि पिल्लं, इतकी फिकट की टॉर्च तिरका केला नसता तर दिसलीच नसती. एक विचित्र गोडसर, कुबट वास होता. आठ वर्षांपूर्वी त्या फळ्या बसवल्या, तेव्हापासून एकदाही काढल्या नव्हत्या. मी त्या फळीचं वरचं अंग रोज पुसत होते.

चारमध्ये पडद्यातला तो एक आणि गादीच्या गोटात दोन. दोनमध्ये काही नाही. पाचमध्ये बाळाच्या आईला सांगून त्यांच्या समोरच तपासलं, काही नाही. सहा आणि सात उद्या.

एक विचारायचं राहिलं. लॉन्ड्रीचं काय? आणि हे पुन्हा आले तर मला कळणार कसं, पुढच्या पाहुण्याच्या हातावर गांधी उठेपर्यंत थांबायचं का?


पाठीवरचंघर
सोमवार, दुपारी १:०५

मी व्यवसायातली नाही, कामानिमित्त महिन्यातले पंधरा दिवस परक्या पलंगावर झोपते. ताईंनी पाहुण्यांना सांगितलं हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या पर्यटनस्थळी मी तीन रात्री राहिले. शेवटच्या सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा वाळलेला ठिपका दिसला. खाली विचारलं तर उत्तर आलं, "तुमचं नाक फुटलं असेल." मी विश्वास ठेवला. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात आईच्या पाठीवर गांधी उठल्या. आईला ते आपल्या अंथरुणातले ढेकूण आहेत हे कळलं तेव्हा ती रडली. चार महिने गेले ते संपवण्यात. आई रात्री दोन-दोनदा दिवा लावून चादर झटकायची. ढेकूण संपल्यावरही कितीतरी दिवस तिची ती सवय गेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, ढेकणांमुळे माणसाला रोग लागल्याचा पुरावा नाही, पण झोप जाते आणि खाजवून जखमा चिघळतात, त्या जपा. झोप जाते म्हणजे काय ते मी त्या घरात पाहिलं आहे. त्या माणसानं त्या सकाळी एक वाक्य खरं सांगितलं असतं तर मी बॅग दारातच थांबवली असती.

आता मी खोलीत गेले की बॅग आधी बाथरूमच्या फरशीवर ठेवते. गादीचे उशाकडचे दोन कोपरे आणि पाठफळीची कड मोबाइलच्या उजेडात बघते, मग बॅग धातूच्या स्टँडवर, भिंतीपासून लांब. मळके कपडे चेनच्या बंद पिशवीत. घरी आले की बॅग आत न्यायच्या आधी कपडे थेट गरम पाण्यात. तुमच्या खोल्यांत बॅग ठेवायला स्टँड नसेल तर जरूर आणा ताई, म्हणजे पाहुणा पलंगावर टाकणार नाही.


टॉर्चवाला
सोमवार, रात्री ९:३०

ताई, पाठफळी काढलीत तिथंच अर्धं काम झालं. सदतीस अंडी म्हणजे फार जुनं घर नाही. मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते, पिल्लाला मोठं व्हायला उबदार हवेत पाच-सहा आठवडे पुरतात आणि प्रत्येक वेळी कात टाकायच्या आधी त्याला एकदा रक्त लागतं. तुमच्याकडे हे महिना-दोन महिन्यांचं दिसतंय. वर्षाचं असतं तर छताच्या कोपऱ्यापर्यंत ठिपके दिसले असते. पाठफळी परत लावताना स्क्रूऐवजी आकड्यावर अडकवा, म्हणजे दर महिन्याला दोन मिनिटांत उतरेल. आणि मागची खाच भरून घ्या.

कळणार कसं, याला उत्तर आहे. पलंगाच्या चारही पायांखाली पसरट सापळे ठेवा. दोन कडांची वाटी असते, बाहेरची भिंत खरखरीत, आतली गुळगुळीत. ढेकूण चढून आत पडतो आणि परत चढू शकत नाही. पण उष्ण प्रदेशात जी जात असते तिचे पाय जास्त चिकट असतात, ती गुळगुळीत भिंतही चढून जाते. म्हणून आतल्या बाजूला टाल्कम पावडरचा अगदी पातळ हात फिरवा आणि आठवड्यानं तो नवा करा. पलंग भिंतीपासून चार बोटं लांब, चादरीची कड जमिनीला टेकता कामा नये, नाहीतर त्याला वेगळा जिना मिळतो. रोज झाडायला जाणाऱ्या बाईंना सापळे बघायला शिकवा, आणि एक गोष्ट पक्की सांगा: ढेकूण सापडला तर त्यांना कुणी बोलणार नाही. मी कित्येक लॉजमध्ये पाहिलं आहे, साफ करणाऱ्या बाईला आधीच दिसलेला असतो, पण आपल्यावरच येईल म्हणून ती चादर ओढून घेते. त्या भीतीपायी एक ढेकूण असताना जे थांबलं असतं ते पाच खोल्यांत जातं.

लॉन्ड्रीत धुतलेले कपडे आणि मळके कपडे एकाच टेबलावर येतात का, एकाच गाडीतून येतात-जातात का, ते बघा. बहुतेक ठिकाणी तोच दोष असतो. चादरी गरम पाण्यातून, इस्त्रीतून स्वच्छ निघतात आणि परतीच्या गाडीत कुणाच्या तरी मळक्या गाठोड्याशेजारी बसतात. तुमच्या पिशव्या जाताना एका रंगाच्या, येताना दुसऱ्या रंगाच्या करा. हे एकट्यानं होणार नाही. शेजारच्या काकूंकडे जावंच लागेल. तुमच्या खोल्या कितीही स्वच्छ केल्यात तरी त्यांच्या गाठोड्यातून परत येतील, आणि तुमच्याकडून त्यांच्याकडे. रागानं जाऊ नका. टॉर्च घेऊन जा.


सातखोल्या
२६ दिवसांनी, सकाळी ७:१०

सर्वांना कळवायचं होतं, पण मन शांत झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

तीन आणि चार अठरा दिवस बंद होत्या. दोन फेऱ्या झाल्या, पहिलीनंतर बाराव्या दिवशी दुसरी. फवारणीला दुसरे गृहस्थ आले. अंड्यांचं विचारताच त्यांनी स्वतःच दुसऱ्या फेरीची तारीख सांगितली. सहा नंबरमध्येही बाजूच्या टेबलाच्या खणाखाली दोन निघाले होते, तेही सुरुवातीलाच सापडले म्हणून तिथंच थांबले. ज्यांची नोंदणी रद्द करावी लागली त्यांना कारण खरं लिहिलं. दोघांनी रागानं उत्तर दिलं. एका कुटुंबानं लिहिलं की पुढच्या वर्षी येऊ. इतरांनी काहीच कळवलं नाही.

सोळाव्या दिवशी तीन नंबरच्या सापळ्यात एक पिल्लू मिळालं. माझा धीरच सुटला होता. पण दादा म्हणाले होते तसं आमच्या बाईंनी स्वतः येऊन दाखवलं, वाटी हातात धरून, न घाबरता. पुन्हा सगळं उघडलं तर पलंगाच्या पायाच्या पोकळ नळीत, टोकाच्या रबरी टोपणाखाली दोन अंड्यांची टरफलं होती. आतून वाफ दिली, आता चारही टोकं बंद केली आहेत. त्यानंतर सापळे कोरे आहेत. दहा दिवस.

काकूंकडे पहिल्या सोमवारी गेले होते, टॉर्च घेऊनच. दार अर्धं उघडलं त्यांनी. मी म्हटलं, "काकू, माझ्याकडे सदतीस अंडी निघाली, पाठफळीच्या मागे." त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग दार पूर्ण उघडलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे पाच खोल्यांत आहेत, मार्चपासून." त्या एकट्याच चालवतात सगळं. तीन महिने रात्री स्वतः फवारा मारत होत्या, स्वतःला खोकला लावून घेतला होता. त्या रात्री आम्ही तिघांनी त्यांच्या दोन पाठफळ्या उतरवल्या.

लॉन्ड्रीवाल्यांशी चार घरांनी मिळून बोललो. मळक्यांसाठी निळ्या आणि धुतलेल्यांसाठी पांढऱ्या पिशव्या ठरल्या आहेत, गाडी मात्र अजून एकच आहे. त्याचं काय करायचं ते ठरवायला शुक्रवारी सगळे काकूंच्या अंगणात जमणार आहोत. आमच्या ओळीतल्या अकरापैकी सात घरं येतो म्हणाली आहेत.

दादा, दर महिन्याला तपासायचं म्हणालात, ती तारीख सगळ्यांनी एकच ठेवली तर बरं का, की जशी खोली रिकामी होईल तसं? शुक्रवारी कुणीतरी हे नक्की विचारणार.


टॉर्चवाला
२६ दिवसांनी, दुपारी २:००

एकच तारीख ठेवा. एकाकडे निघाला तर शेजारी त्याच दिवशी भिंतीपलीकडची बाजू बघू शकतो. आणि काकूंना डॉक्टरांकडे जाऊन खोकला दाखवायला सांगा, कोणतं औषध मारत होत्या तो डबा बरोबर घेऊन.